भिंत रिकामी नव्हती

पिंपरी,
दि. १८ फेब्रुवारी १९७९

चि. ज्योतीराम यास सुमनताईचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आणि वर्तमानपत्राचं कात्रण मिळालं. इकडे सगळं ठीक. थंडीने आईचा गुडघा धरतो, पण पॅकिंग खात्यातली पहिली शिफ्ट ती चुकवत नाही. माझी शाळा चालू आहे. तुझ्या माहितीपटाला बक्षीस मिळालं, अभिनंदन. रीत म्हणून लिहिलं.

कात्रणात कुणी विद्वान म्हणतात, 'आईच्या खोलीतली रिकामी, काजळलेली भिंत शब्दांपेक्षा जास्त बोलते.' मला हसूच आलं. भिंत रिकामी नव्हती रे. शूटिंगच्या दिवशी बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर तूच खाली उतरवलीस. "फ्रेममध्ये गर्दी होते, ताई," म्हणालास. तसबिरींच्या जागी भिंतीवर दोन स्वच्छ चौकोन राहिले, तर त्यांवर हाताने काजळी फासलीस. ती भिंत तुझ्याच हाताचं बोलते आहे, हे त्या विद्वानांना कळव.

शिलाई मशीन बाहेर, खुर्ची बाहेर, मीही बाहेर. रॉकेलचा स्टो कॉटखाली ढकलून खोलीच्या मधोमध तीन दगड मांडलेस आणि ओली लाकडं पेटवलीस. या खोलीत आपण राहायला आल्यापासून कधी चूल नव्हती. आई खोकत होती आणि तू बाहेरून, खिडकीच्या गजांतून, तिची पाठ टिपत होतास. मी विचारलं, "हे कशाला?" तर मला शिकवलंस, "चौकटीत दिसतं तेवढंच प्रेक्षकासाठी खरं असतं." मोठा शोध लावलास! आमच्या चाळीतल्या मुलीसुद्धा पाहुणे बघायला आले की फुटकी कपबशी मागे लपवतात. तू पुढे मांडलीस, एवढाच फरक.

आई मात्र तुझीच बाजू घेत होती. "पोराचं काम हाय, करू दे," म्हणाली. तू गेल्यावर आठवडाभर भिंत घासत होती.

मग तू सिनेमाचं यंत्र आणि माणूस पाठवून विहारात माहितीपटाचा खेळ लावलास, स्वतः आला नाहीस. आईने घरोघरी जाऊन सांगितलं होतं. पहिल्या रांगेत बसली. पडद्यावर तीन भाग काळोख, खिडकीत कारखान्याचं धुराडं आणि कोपऱ्यात खाली वाकलेली मूठभर बाई. वरून तुझा भरदार आवाज: 'या स्त्रीला आवाज नाही.'

आवाज नाही! पाळणाघराच्या मागणीसाठी कारखान्याच्या गेटसमोर पिंपावर उभी राहून बोललेली बाई ती. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं. तेव्हा तू तिथेच होतास. तिला आवाज नाही हे सांगायलाही तुला तुझाच आवाज लागला.

शेजारच्या कौशल्याबाईंनी अंधारात विचारलं, "गिरजा, तुझा स्टो बिघडला व्हता का गं?" कुणीतरी खुदकन हसलं. आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "सुमन, माझं तोंड कवा येणार?" येईल, म्हणाले मी. खेळ संपला, दिवे लागले, लोक उठले. ती बसूनच होती. "दुसरं रीळ असंल," म्हणाली.

हे तुला लिहायचं नव्हतं. लिहून झालं.

तू कळवलंस, बक्षीस समारंभाला आईला मुंबईला घेऊन ये, आणि 'जुनं लुगडं नेसव, तेच शोभेल.' ती येणार नाही, असं मी कालच लिहिलं होतं. ते पत्र फाडलं. कारण आईने तुझं पत्र वाचून दाखवायला लावलं. लुगड्याचं वाक्य मी गाळलं, तर लगेच म्हणाली, "मधलं काय गिळलंस?" वाचावं लागलं.

तिने निवडायचे तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, "लिही त्याला, येते म्हणावं."

"आई, तिथे पुन्हा तेच दाखवतील."

"दाखवू दे की. लोकं कशाला टाळ्या वाजवत्यात, ते मला बघायचंय."

"आणि मग?"

"मग मी बोलणार हाय. इचार त्याला, माइक असतो न्हवं तिथं?"

मी खूप समजावलं. ऐकत नाही. तुझी लाज राखावी म्हणून नव्हे, तिला त्रास होईल म्हणून समजावत होते. तर ती माझ्यावरच चिडली, "तो माझा पोरगा हाय. त्याला काय सांगायचं ते मीच सांगीन. तू मधी पडू नगं."

तेव्हा कळव, माइक असतो का. ती विहारात जाताना नेसते ते पांढरं पातळ नेसून येईल. मंचावर कुठे उभी राहील, ते तिचं ती ठरवेल. काय बोलणार आहे ते मी विचारलेलं नाही. शिव्या देईल की तुझं कौतुक करेल, मला खरंच माहीत नाही. कौतुक केलंच, तर तुझ्याकडे बघायची माझी तयारी नाही. म्हणून तिला सभागृहाच्या दारापर्यंत सोडेन आणि बाहेर थांबेन.

आशीर्वाद लिहीत नाही. आईकडे माग, समोर उभा राहून.

सुमन