कच्च्या दोऱ्याचा पट्टा

प्रिय बारके,

बॅग तीच आहे. काल दुपारी कडीवाल्या काकांनी ती खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर चढवला, पट्ट्याची कडी डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाले, "ही माझीच. आयुष्यात मुद्दाम कच्ची ठेवलेली एकच कडी." मग बॅग टेबलावर ठेवली. काकांनी दोन वाक्यांत आटोपलं, यावरून काय ते समज. एरवी पितळेचा भाव विचारला तरी आजोबांपासून सुरुवात करणारा माणूस.

कुठली बॅग ते सांगते. पण हे पत्र ऑफिसातच वाच, घरी नेऊ नकोस. तुझा फोन हल्ली तुझा नवराच उचलतो आणि "ती झोपलीय" म्हणतो, म्हणून तुमच्या ऑफिसातल्या त्या सतत खोकणाऱ्या बाईंच्या हाती हे पाठवतेय. त्यांची पर्स मी शिवून दिली होती, तेवढं माझं ऐकतील.

गेल्या आठवड्यात तुझा नवरा इथे येऊन गेला. तुला बोलला नसेल, कारण तुझ्या वाढदिवसाचं गुपित होतं. बाबांसाठी सफरचंदं आणली होती, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, माझ्या हातात जादू आहे असंही म्हणाला. बाबा त्याला अजून 'गृहस्थ' म्हणतात, तर गृहस्थ खुर्चीत नीट बसले आणि पिशवीतून एक काळी बॅग काढली. पट्टा सुटून वेगळा झालेला. जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली म्हणे. "ताई, हिला जुन्या बॅगांची आवड तुमच्यामुळेच लागली. बाकी कशी का असेना, पट्टा मात्र असा शिवा, की कितीही ओढला तरी सुटता कामा नये." आणि कसा ते दाखवायला टेबलावरच्या दुसऱ्याच एका बॅगेचा पट्टा मुठीत धरून त्याने दोन हिसके दिले. बारके, गिऱ्हाईकं पट्टा ओढून बघतात, त्यात नवल नाही. पण सगळे वर ओढतात, वजन उचलल्यासारखं. याने स्वतःकडे ओढला. टेबलावरची मेणाची डबी खाली पडली तेव्हा हसला आणि सॉरी म्हणाला.

तो गेल्यावर मी बॅग पुसायला घेतली. माझी पद्धत तुला पाठ आहे. आधी कोरडा ब्रश, मग ओलसर कापसावर जरासा साबण, मग सावलीत वाळवायचं आणि मगच बोटाने तेल चोळायचं. पहिल्याच बोळ्याला काळा रंग आला. चामड्याचा रंग असा सुटत नाही. कुणीतरी बुटांचं पॉलिश फासलं होतं, तेही घाईत, शिवणीच्या खाचांत गोळे तसेच होते. बोळे बदलत गेले तशी खालून बॅग वर यायला लागली. तपकिरी, चहा सांडल्यावर कागदाला येतो तसला रंग, पुढच्या झाकणावर नखाएवढा जुना ओरखडा. ओरखडा दिसला आणि माझा हात थांबला. तो मीच दोन वर्षांपूर्वी मेण भरून बुजवला होता.

तुला आपला 'बाई ओळखा'चा खेळ आठवतोय का? दुरुस्तीला आलेली प्रत्येक बॅग तू आधी हुंगायचीस, मग आत कोपरापर्यंत हात घालायचीस आणि जाहीर करायचीस. ही बाई डावखुरी आहे. हिच्या बॅगेत लहान मूल बिस्किटं खातं. ही बाई सारखी रडते, रुमालाच्या ओलीने अस्तर कुजलंय. एकदा तर त्या हेडबाईंच्या तोंडावर सांगितलंस, की तुम्ही लपून सिगारेट ओढता, आणि बाबांना माफी मागावी लागली. बाई मात्र खो-खो हसल्या. चामडं काही लपवत नाही, असं तूच म्हणायचीस. तर ही बॅग तू हुंगली असतीस तर काय म्हणाली असतीस, ते मी सांगते. कारण मालकीण मला माहीत आहे.

ती पहिल्यांदा आली तेव्हा बाबांचा पाय प्लास्टरमध्ये होता. इतकं हळू बोलायची, की बाबा मागून म्हणाले, ही बाई ग्रंथालयात कामाला आहे की काय. आम्ही तिचं नाव 'हळूबाई'च पाडलं. पट्टा तुटला होता. मी तिला दाखवलं, की वजनाने तुटतो तेव्हा दोरा झिजून झिजून जातो, भोकं खालच्या बाजूला लांबतात. इथे भोकं आडवी फाटली होती, म्हणजे कुणीतरी बाजूने ओढलंय. ती म्हणाली, बसच्या दारात अडकला. मी दुहेरी दोऱ्याने पक्का शिवला. काही आठवड्यांनी पुन्हा आली. दोरा शाबूत, आजूबाजूचं चामडंच फाटलेलं. आणि तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. चहाचा कप तिने डाव्या हाताने घेतला. मी म्हटलं, ही बस बदला बाई. ती हसली. मग अगदी व्यवस्थित, शिंप्याला माप सांगावं तसं, म्हणाली, "ताई, या वेळी कच्चा शिवा. जोरात ओढला की निघून यायला हवा." मला रागच आला. मी काय कच्चं काम करते? तर म्हणाली, "बॅग गेली तर जाऊ दे. मी निघाले पाहिजे."

मी तेव्हा चोरांचा विचार केला. रस्त्यावर पर्स ओढून पळणारे असतात, त्यांच्यासाठी असेल. एका टोकाला साधा शिवणाचा पांढरा दोरा घातला, एकेरी, बिनमेणाचा. दुसऱ्या टोकाला तिने काकांकडून कडी करून घेतली, जोड न झाळलेली, म्हणजे टोकं वितळवून न सांधलेली, तोंड किंचित उघडं. काका कुरकुरले, पण केली. जाताना तिने अस्तरही बदलून घेतलं, कापड तिनेच आणलं होतं. राखाडी, त्यावर निळी पानं, घरचे पडदे शिवून उरलेला तुकडा. "निदान एक गोष्ट घरची सोबत असू दे," म्हणाली. त्यानंतर ती कधी आली नाही.

ते अस्तर बॅगेत अजून आहे. बाहेरून पॉलिश फासणाऱ्याला आत हात घालून बघायचं सुचलं नाही. आणि बारके, ती निळी पानं मी त्यानंतरही पाहिली आहेत. तुमच्या घरी, लग्नानंतर आम्ही जेवायला आलो तेव्हा. बाल्कनीच्या दाराला ते पडदे होते आणि हे कापड कुठे पाहिलंय ते आठवेना, म्हणून मी सारखी तिकडे बघत होते. तू विचारलंस, ताई, काय झालं? मी म्हटलं, कापड छान आहे. तू म्हणालीस, हे आधीपासूनचे आहेत, त्याच्या पहिल्या बायकोने शिवलेले, बदलायला तो नको म्हणतो. आपल्या सगळ्यांना तेव्हा केवढं भरून आलं होतं. बाबांनी तर त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आता हिशेब तूच कर. तुला मागणी घालायला आला तेव्हा तो काय म्हणाला होता? बायको आजारपणात गेली, चार वर्षं झाली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे जी बाई केव्हाच गेली होती, ती दोन वर्षांपूर्वी माझ्या टेबलासमोर बसून डाव्या हाताने चहा पीत होती. प्लास्टरमधल्या पायाने उठू नका म्हणून बाबांना दटावत होती. मी बाबांना काल हे सांगितलं. त्यांनी सफरचंदांची परडी उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात उपडी केली.

पुढचं मला ठाऊक नाही, आणि नाही ते आहे असं सांगणार नाही. पट्ट्याच्या पांढऱ्या दोऱ्याचं टोक एका झटक्यात तुटल्यासारखं स्वच्छ आहे, भोकं फाटलेली नाहीत. काकांच्या कडीचं तोंड वासलंय. म्हणजे जोराचा हिसका बसला, आणि दोन्हीकडून सुटलं, तिने सांगितलं होतं तसंच. बॅग आणि पट्टा त्याच्याकडे राहिले. ती निघाली असेल, असं काका म्हणतात. मलाही तसंच वाटतं. पण पैसे, कागद, किल्ल्या सगळं त्या बॅगेत असताना रिकाम्या हातांनी ती कुठवर गेली असेल, हा विचार काही केल्या जात नाही. आणि जिवंत बायको मेली म्हणून सांगणाऱ्याच्या घरात तू आहेस.

तुझ्याबद्दल तू मला काही सांगितलेलं नाहीस. मी विचारलंही नव्हतं, संसार नवा आहे, नाक खुपसू नये म्हणून. पण मागच्या महिन्यात काका-काकींकडच्या साखरपुड्याला तू आलीस, तेव्हा तुझी बॅग डाव्या खांद्यावर होती. शाळेच्या दप्तरापासून तुझा खांदा उजवा. तुझ्या सगळ्या बॅगा उजव्या कुशीला घासून काळ्या पडतात, मीच तर त्या पुसते. फोटोसाठी हात वर करा म्हणाले, तेव्हा तू फुलं नीट करायला वाकलीस. घरी येऊन मी स्वतःला समजावलं, की अवघडला असेल. नोकरीही या महिनाअखेर सोडणार आहेस, असं तो म्हणाला. तू म्हणाली नाहीस, तो म्हणाला. एकदा ऑफिस सुटलं, की तुला एकटीला गाठायला मला जागाच उरणार नाही.

म्हणून लिहितेय. शनिवारी दुपारी तो बॅग न्यायला एकटाच येणार आहे, तुला कळू नये म्हणून. निघाला, की काकी तुमच्या इमारतीखालच्या औषधांच्या दुकानापाशी गाडी घेऊन उभ्या असतील. कागदपत्रं अंगावरच्या कपड्यांत ठेव, बॅगेत नको. बॅग घेऊच नकोस. इकडे येऊ नकोस, काकींच्या बहिणीकडे जा, ते घर त्याला माहीत नाही. आज काकी वकीलबाईंना भेटून आल्या आहेत, त्या संध्याकाळी तिथे येतील आणि तू म्हणशील तेवढंच करतील. मी चुकत असेन, तर शनिवारी खाली उतरू नकोस, मला शिव्या दे, मी आनंदाने ऐकेन. पण चुकत नसेन, तर मला एका शब्दानेही उत्तर देऊ नकोस. नुसती उतर.

इकडची काळजी करू नकोस. काका दुपारपासून आतल्या खोलीत बसणार आहेत, हातोडी सोबत आणतो म्हणाले, मी म्हटलं फक्त स्वतःला आणा. बाबा गुडघ्यांच्या ऑपरेशनची गोष्ट सुरुवातीपासून सांगणार आहेत, आणि त्यातून आजवर कुठला पाहुणा मध्येच उठू शकलाय? बॅग मी चकाचक केली आहे, परत काळी सुद्धा केली, त्याला हवी तशी. पट्टा लावला आहे. तो आला की आधी पट्टा मुठीत धरेल आणि हिसका देईल, तो दिल्याशिवाय त्याला राहवणारच नाही. पट्टा त्याच्या हातात येईल, कारण दोरा पांढराच आहे, एकेरी, वरून काळा केलेला. मग मी म्हणेन, अरेरे, बसा ना, पुन्हा शिवून देते, आता चांगला पक्का. आणि पक्का टाका घालायला मला किती वेळ लागतो, ते तुला माहीतच आहे.

तुझीच,
ताई