गौरींसाठीच्या गोळ्या

मंगळवार, संध्याकाळ

आज वर्गातच सलवार भिजली. कळा इतक्या, की उलटी झाली. डॉक्टरबाईंनी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या. मला हव्या होत्या, पण आईने तिथेच मोडता घातला. "सतराव्या वर्षी असल्या गोळ्या? उद्या मूल झालं नाही तर? ओव्याचं पाणी पिईल ती."

मागच्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी पाळी नको म्हणून हिनेच मला गोळ्या दिल्या होत्या. त्याही हार्मोनच्याच. तेव्हा कुठल्या डॉक्टरला विचारलं होतं?

आत्ता गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. वाटलं, विरघळली. शेजारी बसून म्हणाली, "अगं, यंदाही गौरींतच येतेय तुझी तारीख. गोळ्या आणून ठेवते."