कॉम्प्युटरचं लोकरी झाकण

सूनबाई,

कॉम्प्युटरवाला येऊन गेला. डबा तापतो म्हणून हँग होतो, म्हणाला. धूळ बसू नये म्हणून मी विणलेलं झाकण दोन बोटांत धरून विचारतो कसा, "आजी, याला थंडी वाजत होती का?" चहा न देताच पाठवला.

तू बटणं बडवतेस, हे माझं म्हणणं कायम आहे. पण काल मुलाखत अर्ध्यात तुटली ती त्यामुळे नाही.

आज परत मुलाखत आहे, तर माझा टेबलफॅन डब्याकडे वळवून ठेवलाय. हलवू नकोस. घरात राहिले तर तुझ्या दाराशी येरझाऱ्या घालीन, म्हणून जावेकडे चाललेय. झाकण उसवायला सोबत घेतलंय. ऑफिसात गारठा असतो म्हणे. तुझा बिनबाह्यांचा स्वेटर होईल. बाह्यांची लोकर पहिल्या पगारात आण.