निर्जळा एकादशी आणि विमलाचे मूत्रपिंड

॥ श्री ॥

मुलुंड (पूर्व), ज्येष्ठ कृष्ण तृतीया

ज्याच्या कृपेवाचून पापणी लवत नाही आणि मूत्राचा थेंबही उतरत नाही (दुसऱ्या गोष्टीचा अनुभव मी स्वतः घेतला आहे), त्या श्रीनारायणास वंदन करून पत्रास आरंभ करतो.

चि. सौ. विमला हिस वडील बंधू या नात्याने अनेक उत्तम आशीर्वाद. आणि तुझे डावे मूत्रपिंड आठ महिन्यांपूर्वी पोटात घेतलेला याचक या नात्याने साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात, पोटावर दाब येऊ देण्यास मनाई आहे.) दोन्ही स्वीकारावेत. कुडाळास श्यामसुंदररावांचा गुडघा कसा आहे? तुझी टाक्यांची जागा अजून खाजते का? हे फोनवर विचारता आले असते. परंतु फोनवर तू मध्येच ओरडतेस, आणि पुढील मजकूर असा आहे की तू ओरडणारच.

येथे दर गुरुवारी प्रत्यारोपण झालेल्यांची रुग्णालयात तपासणी असते. तेथील परिचारिका प्रियंका सिस्टर, वय तिशीच्या आत, अधिकार मात्र पीठाधीशाचा. मी जन्मभर सोवळ्यात वावरलो. पण या मुलीचे सोवळे पाहून मला माझेच ओवळे वाटू लागले. हात धुवावे ते मनात वीस मोजेपर्यंत, बाहेरचे चिरलेले फळ वर्ज्य, देवळातले तीर्थ वर्ज्य, शेजारी शिंकला तर त्याचे दर्शनही वर्ज्य. गोळ्या सकाळी आठ आणि रात्री आठ. पाणी, लघवी, वजन, ताप, रक्तदाब, सर्वांची रोज वहीत नोंद. मी ती वही अर्थातच तिथीनुसार ठेवली. वैशाखात षष्ठीनंतर एकदम अष्टमी आली, तेव्हा सिस्टरने वही माझ्यापुढे धरली. "काका, सप्तमीची लघवी कुठे गेली?" मी समजावले की सप्तमी सूर्योदयाला नव्हतीच. "सप्तमी नसेल, काका, किडनी तर होती ना?" या प्रश्नावर धर्मशास्त्र मौन आहे. (आता वहीत इंग्रजी तारीख वर आणि तिथी खाली, असा तह झाला आहे.)

आता मूळ गोष्ट. तुझ्या ऋणातून उतराई कसे व्हावे, हा विचार मला छळत होता. (तुला पैठणी घ्यावी, असे तुझ्या वहिनीचे, जानकीचे मत, पण अवयवाच्या बदल्यात पैठणी हे प्रमाण मला जुळेना.) अखेर तू दिलेले मूत्रपिंड शतायुषी व्हावे म्हणून वर्षभरातील प्रत्येक एकादशी निर्जळ करण्याचा संकल्प मी तुझ्या नावाने सोडला, आणि आरंभ निर्जळा एकादशीपासूनच केला. व्रत गुप्त असावे म्हणून जानकीलाही सांगितले नाही. उकाडा असा की देव्हाऱ्यातील फुले दुपारीच माना टाकून बसली. गोळ्या आचमनापुरत्या पाण्यावर गिळल्या. सायंकाळी जपाला बसलो तो इतके हलके वाटू लागले की समाधी लागते आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत झाली. जानकीने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला आणि म्हणाली, "समाधी कसली, वरचा नव्वद आहे!"

द्वादशीस पारण्याऐवजी रुग्णालयात सलाईन लागले. सिस्टरने वही उघडली. मी सत्यच लिहिले होते: जल, आचमनापुरते; मूत्र, अल्प; चित्त, प्रसन्न.

"हे कोणासाठी केलंत, काका?"

"मूत्रपिंडाच्या दीर्घायुष्यासाठी."

"किडनीला पाणी पाहिजे, पाणी! तहानलेली ठेवून आशीर्वाद देताय?"

जानकी शेजारीच होती. ती म्हणाली, "सिस्टर, मला पण सदतीस वर्षं नुसत्या आशीर्वादावरच ठेवलंय ना!" दोघी हसल्या, मी सलाईनचे थेंब मोजू लागलो.

क्रिएटिनिन नावाचा रक्तातला एक आकडा आहे. तो चढला की मूत्रपिंड रुसले समजावे. तो एक पूर्णांक दोनवरून दोनाच्या वर गेला. तीन दिवस ठेवून घेतले. सिस्टर वारंवार येई, मोजपात्र उजेडाला धरी आणि मान हलवी. विमला, त्या तीन दिवसांत मला फार भीती वाटली. तू पोट कापून दिलेली वस्तू मी पुण्याच्या लोभाने घालवून बसतो की काय, या विचाराने नामस्मरणही सुचेना. तिसऱ्या दिवशी पात्र भरले. सिस्टर म्हणाली, "झकास!" इतके रसाळ वचन मी कोणत्याही प्रवचनात ऐकलेले नाही. आकडा आज एक पूर्णांक तीन आहे.

क्षमा मागतो, ती करण्याइतकी तू थोर आहेस, हे पोटातूनच जाणतो.

तुझा अपराधी दादा,
सहदेव

ता. क. आठ दिवसांनी पुन्हा एकादशी आहे. व्रत मोडावे तर दोष, पाळावे तर मूत्रपिंड जाते. ज्याच्या नावे संकल्प सोडला, त्यानेच मोकळे केले तर दोष लागत नाही, असा निर्णय मी (बऱ्याच ग्रंथांस छळून) काढला आहे. तरी "दादा, तुला व्रतातून मुक्त केले, रोज तीन लिटर पाणी पी" असे स्वहस्ते लिहून त्वरित पाठवावे. पत्र याचसाठी, बाकीची प्रस्तावना.

ता. क. २ (हस्ताक्षर सिस्टरचे): विमलामावशी, नमस्कार. काकांनी पत्र तपासायला दिलं. घाबरू नका, घरी आल्यापासून काका बरोबर तीन लिटर पितायत, तुमच्या परवानगीला थांबलेले नाहीत. प्रत्येक ग्लासाला मंत्र म्हणतात, म्हणून वेळ लागतो एवढंच. चिठ्ठी मात्र पाठवा, मी वहीत चिकटवणार आहे. आणि मावशी, किडनी दिल्यानंतरची तुमची सहा महिन्यांची तपासणी दोन महिने राहिलीय. तुमच्याकडे आता एकच आहे. काकांना ओरडायला म्हणून तरी या.

ता. क. ३. वरील आज्ञा माझ्या आज्ञेहून श्रेष्ठ मानून यावे. हे पत्र जो वाचील, जो वाचून दाखवील आणि जो चोरून वाचील (श्यामसुंदरराव, नमस्कार), त्या सर्वांस नारायण उदंड आयुष्य, स्वच्छ हात आणि वेळच्या वेळी तहान देवो.