उत्कर्षाचे चौकोन

चऱ्होली
रविवार, १८ मे २०२५

ती. आई यांस,

निरंजनचा नमस्कार. अण्णांनाही सांगावा.

आज सुट्टी होती. सकाळी कपडे धुतले. दुपारी थोडा पडलो. संध्याकाळी किराणा आणला. बाकी इकडे विशेष काही नाही. अंबाजोगाईला ऊन फार असेल. उत्कर्षाला दुपारचं बाहेर सोडू नका, सोडत नसालच.

फोनवर आपलं बोलणं होतं, पण फोन स्पीकरवर असतो आणि ती शेजारीच बसलेली असते. म्हणून लिहितो आहे. हे पत्र आणि सोबतचा डबा ज्योतीरामबरोबर पाठवतो. तो कंपनीत माझ्याच शिफ्टला असतो आणि त्याचं घर तुमच्या गावात मोंढ्यामागे आहे. उद्या निघेल, मंगळवारी संध्याकाळी तुमच्याकडे येईल. त्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ देऊ नका. तो लाजतो.

डब्यात ओट्सच्या वड्या आहेत. अपेक्षा शाळेच्या डब्यात द्यायची त्याच. उत्कर्षा त्यांना चौकोन म्हणते. तिला दूध चालत नाही आणि दुधाचं म्हणून जे काही असतं, दही, लोणी, तूप, खवा, त्यातलं काहीच चालत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमच्या भाच्याच्या लग्नात जिलेबी तुपात तळलेली निघाली, तेव्हा अंगभर गांधी उठून तिला धाप लागली आणि तुम्हीच तिला मांडीवर घेऊन बसला होता. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की ती चॉकलेट न खाता घरी आणायची आणि आपल्या आईला पाकीट वाचायला द्यायची. पाकिटावर व्हिगन लिहिलेलं असलं की तिला चालतं, एवढीच मला त्या शब्दाची माहिती. अपेक्षाला पाकिटातलं आवडायचं नाही, म्हणून ती घरी करायची.

तिने हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. ती करायची तेव्हा मी तिथेच असायचो, बॅग भरत किंवा बूट घालत. पाहिलं असं म्हणता येणार नाही. मोबाइलवर शोधलं तर बरंच निघालं. गॅस लागत नाही म्हणून मी करायला घेतलं. इथे गॅस पेटवणं होत नाही. दोन्ही वेळचं कंपनीच्या कँटीनमध्ये होतं, सुट्टीच्या दिवशी खालून गोजाबाई देतात.

गोजाबाई म्हणजे आमच्या घरमालकीण. तुम्ही फेब्रुवारीत आला होता तेव्हा तुमच्याजवळ बसून होत्या त्या. इथल्या मूळच्या. जमिनीवर इमारती झाल्या, पण मागे एक म्हैस अजून ठेवलेली आहे. तिच्या तुपाची एक बरणी त्यांनी मलाही देऊन ठेवली आहे. मी पहिल्यांदा ओट्स मिक्सरमध्ये फिरवत होतो, तो आवाज ऐकून त्या वर आल्या.

"आज मिक्सर कसा काय वाजला? ह्या घरात आगीन तर पेटत न्हाई."

मी सांगितलं, उत्कर्षासाठी करतोय.

"आरं इंजिनेर, ह्यात दूध न्हाई, तूप न्हाई, साखर न्हाई. मग हाय तरी काय?"

"ओट्स, खजूर आणि शेंगदाणे."

"म्हंजी घोड्याचं खाणं. आमच्या बैलांनी बी मान फिरवली आसती." मग चिमूटभर तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "गोड हाय की रं."

पहिल्यांदा केल्या त्या भुगा झाल्या. खजूर कमी पडला होता आणि मी नीट दाबलं नव्हतं. दुसऱ्यांदा घट्ट झाल्या पण ताटाला अशा चिकटल्या की उलथन्याने खरवडून काढाव्या लागल्या. त्या मी आठवडाभर नाश्त्याला खाल्ल्या. आज तिसऱ्यांदा केल्या. तुम्हाला करायच्या झाल्या तर असं करा. बिया काढलेला खजूर पाण्यात तासभर भिजत घालून वाटायचा. भाजलेले दाणे त्यांचं तेल सुटेपर्यंत मिक्सरमध्ये फिरवायचे, ते लोण्यासारखं होतं. त्यात खजूर, ओट्स, काळे मनुके आणि चिमूटभर मीठ. मध लागत नाही. सगळं मळून घ्यायचं. आज माझे हात भरलेले होते म्हणून वर आलेल्या गोजाबाईंनी ताटाला तुपाचा हात फिरवून दिला. मग गोळा ताटात थापून वाटीच्या बुडाने दाबायचा आणि ताट फ्रिजमध्ये ठेवायचं. या खेपेला वड्या एकेक सुरेख सुटल्या. कडा अगदी सरळ आल्या आहेत.

तिला आवडल्या का ते कळवा. आईच्यासारख्या झाल्या नाहीत म्हणाली तरी कळवा.

शाळा सोळा जूनला उघडते आहे. तिचं दप्तर इथेच आहे, धुऊन ठेवलं. अण्णांनी शाळेच्या दाखल्याचं विचारलं होतं, तिकडे दुसरीत नाव घालायचं म्हणून. शाळेचं ऑफिस सध्या बंद असतं. उघडलं की बघतो.

तुम्ही तब्येतीला जपा.

तुमचा,
निरंजन


चऱ्होली
रविवार, २५ मे २०२५

ती. आई यांस,

नमस्कार.

आज सकाळी पाणी भरलं, घर पुसलं. ज्योतीराम परत आला. तुम्ही दिलेलं लोणचं मिळालं.

बुधवारी फोनवर मी नीट बोललो नाही, म्हणून लिहितो आहे.

माझं कंपनीतलं काम मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. निघोज्याला आमच्याकडे रबराचे भाग साच्यात तयार होतात आणि ते मी तपासतो. साच्यात माल चिकटू नये म्हणून आधी एक फवारा मारतात. तो जास्त झाला तर मालावर त्याचा थर येतो आणि मग त्याला पुढे काही चिकटत नाही. बुधवारी सकाळी एका ट्रेमधले भाग बोटाला तेलकट लागले. मशीनवर कोंडीराम म्हणून आहे, त्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "मी मालाला काय लावलंच नाही साहेब, फवारा साच्याला मारला." मी म्हणालो, "साच्याला लावलेलं मालाला येतंच ना, राव."

हे बोललो आणि तिथेच थांबलो. कोंडीराम पुढे काहीतरी बोलत होता.

आत मोबाइल नेता येत नाही. गेटवर आलो, लॉकर उघडला. डबा आदल्या संध्याकाळी तुमच्याकडे पोचलेला होता. मधे एक रात्र गेली होती. काही झालं असतं तर तुम्ही फोन केला असता, हे कळत होतं. पण माझा फोन लॉकरमध्ये होता, हेही कळत होतं. तुमचा एकही मिस्ड कॉल दिसला नाही. तरी नंबर लावला.

तुम्ही फोन उचललात. मी फक्त "आई, तो डबा," एवढंच म्हणालो. तुम्ही म्हणालात, "दिला नाही हो मी. आधी पत्र वाचलं. डबा वर फळीवर ठिवलाय." पुढे म्हणालात, "ह्यांनी दोन खाल्ल्या. चांगल्या झाल्यात म्हणाले." आणि मग म्हणालात, "पुढच्या वेळी तेलाचा हात लावा." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

मंगळवारी संध्याकाळी वाचूनही तुम्ही मला काही कळवलं नव्हतं. मी विचारलं नसतं तर तुम्ही कधी सांगितलंही नसतं, असं मला वाटतं. उत्कर्षाला काय सांगितलंत, डबा कुणाचा म्हणून, ते मी विचारू शकलो नाही.

गेटवर थोडा वेळ उभा राहिलो. वॉचमनने पाणी दिलं. मग आत जाऊन तो ट्रे रिजेक्ट केला आणि शिफ्ट पूर्ण केली.

घरी येऊन गोजाबाईंना सांगितलं. सांगणार नव्हतो, पण त्यांनी आल्या आल्या विचारलं, पोरीनं खाल्लं का. त्या पायरीवरच बसल्या. "आगं माझे आई," म्हणाल्या, "आमी तूप पानात वाढतो तवा त्याला तूप म्हनतो. ताटाला लावलेलं कुनी धरतं व्हय?" मी म्हणालो, तुमची चूक नाही, मी समोर उभा होतो. दूध नाही तूप नाही हे त्यांनीच मला म्हणून दाखवलं होतं आणि नंतर त्यांनीच हात फिरवला, आणि मी बघत होतो. वड्या सुटल्या याचा मला आनंद झाला होता. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडायचा मला पगार मिळतो.

अपेक्षा कशाचा हात लावायची ते मला आठवत नाही. तेलाचाच असेल. तिच्यावर ते कधी कुणाला सांगायची वेळच आली नाही.

त्या दिवशी मी ठरवलं की उत्कर्षा तुमच्याकडेच राहावी. अण्णा म्हणतात ते बरोबर आहे. तुम्ही पत्र वाचून डबा फळीवर ठेवता आणि मी तूप लावलेल्या वड्या पाठवतो. यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शुक्रवारी अर्धी सुट्टी घेऊन शाळेत गेलो. मागच्या पत्रात मी ऑफिस बंद असतं असं लिहिलं होतं. ते बंद नव्हतं. मी गेलोच नव्हतो. खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी नाव, इयत्ता विचारली आणि लिहायला लागल्या. मग म्हणाल्या, "शाळा सोडण्याचं कारण काय लिहू?"

मी तिचं प्रगतिपुस्तक पुढे सरकवलं.

"बदली झाली का?"

"नाही."

"गाव सोडताय?"

"नाही."

"मग काय लिहू, सांगा ना. मागे लोक थांबलेत."

मागे खरंच दोघं-तिघं होते. मी म्हणालो, सोमवारी सांगतो, आणि बाहेर आलो. आई गेली असं लिहिता आलं असतं. पण आई गेली म्हणून शाळा का सोडायची, हे त्या बाईंनी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. गाडीवर बसून मी बराच वेळ कारण शोधत होतो. जे सापडलं ते लिहितो.

एप्रिलमध्ये परीक्षा झाल्यावर मी उत्कर्षाला तुमच्याकडे सोडायला आलो, तेव्हा सुट्टीपुरतं म्हणालो होतो. ती इथे रोज झोपताना एकच विचारायची, आई हॉस्पिटलमधून कधी येणार. मी तिला सांगितलेलं होतं, तरी विचारायची. मग मी उत्तर देणं बंद केलं. तिला तुमच्याकडे सोडून परत आलो त्या रात्री मला शांत झोप लागली. अपेक्षा गेल्यापासून पहिल्यांदाच. हे मी कुणालाही बोललेलो नाही. अण्णांनी दाखला मागितला तेव्हा मला आधी बरं वाटलं होतं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली. त्यानंतर मी ओट्स आणले. म्हणजे दाखल्याचं खरं कारण तूप नव्हतं, माझी ती झोप होती.

आता ती तुम्हाला तेच विचारते का, माहीत नाही. तुम्ही काय उत्तर देता तेही मला माहीत नाही. तुमची तर मुलगी गेली. त्याबद्दल मी तुम्हाला एका शब्दाने विचारलेलं नाही. उत्कर्षा चालताना पाय आत टाकते तशी अपेक्षाही लहानपणी टाकायची, असं तुम्ही फेब्रुवारीत म्हणाला होता. ती तुमच्या घरातून निघाली की तुमच्याकडे काय राहील, हे मला कळतं. तरीही लिहितो.

मी रविवारी, एक तारखेला येतो आहे. तिला न्यायला येतो आहे. हे फोनवर बोलता आलं नसतं.

जूनपासून मला जनरल शिफ्ट मिळाली आहे, साहेबांशी बोललो. मी येईपर्यंत दुपारी ती गोजाबाईंकडे राहील. काल त्या वर आल्या. हातात स्टीलचं कोरं ताट होतं, दुकानाचं लेबल तसंच. म्हणाल्या, "ह्याला तुपाचं बोट बी लागलेलं न्हाई. पोरीचं नाव घालून घे ह्याच्यावर, म्हंजी माज्यासारखी कुनी हात लावायची न्हाई." आज दुपारी बाजारात जाऊन नाव घालून आणलं. त्यांनी दिलेली तुपाची बरणी परत केली.

पुढच्या वेळी असं तुम्ही म्हणालात, त्यावर मी चार दिवस विचार केला. तुम्ही सहज म्हणालाही असाल. मी ते तसं धरलेलं नाही.

येताना डबा आणीन. वड्या नव्या ताटात थापेन, शेंगदाण्याच्या तेलाचा हात लावून. आधी तुम्ही बघा, वास घ्या, विचारायचं ते विचारा. मग तुमच्या हाताने तिला द्या. आणि तुम्हाला वाटलं की नाही, माझ्याच्याने होणार नाही, तर तसं मला सांगा. मी वाद घालणार नाही. डबा तिच्याजवळ ठेवून परत येईन आणि त्या बाईंना कारण सांगेन. पण तुम्ही सुट्टीत तिच्याबरोबर इकडे आलात, जून काढून गेलात, तर मला फार बरं वाटेल. आतली खोली रिकामीच आहे. अपेक्षाचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. ते तुम्ही उघडावं असं वाटतं.

उत्कर्षाला वड्यांशिवाय दुसरंही लागेल. तिला मऊ भात आवडतो, वरण वेगळं, हे मला माहीत आहे. पाणी किती घालायचं ते माहीत नाही. म्हणून आज गॅस पेटवला आहे. लायटर चालत नव्हता, काडेपेटी खालून आणली. एक वाटी तांदूळ कुकरला लावला आहे. दोन शिट्ट्या झाल्या. तिसरी झाली की बंद करतो आणि जेवून घेतो.

वाट पाहतो,
निरंजन