हिरवा जाळ

२ डिसेंबर १९७४

सयाजीला लाज नाही! शेड आपली, धूर आपला, आणि चिखलीभर सांगत सुटलाय — "मागल्या खड्ड्यात भूत जळतं." पोटचा पोरगा म्हणून वाईट लिहू नये काय? लिहिणार.

दारं-खिडक्यांच्या चौकटी करतो. कंपनीच्या वसाहतीची ऑर्डर आहे. वाळवी लागू नये म्हणून लाकूड पिंपातल्या औषधात बुडवतो. उरलेल्या ढलप्या खड्ड्यात पेटवतो. जाळ हिरवा निघतो. दिवेलागणीला बाया तोंडाला पदर लावून पळतात. नातवंडं मागच्या दाराला जात नाहीत. मी भुताला भीत नाही, पण अंगावर काटा येतो. लाकूड असं जळत नसतं.

५ डिसेंबर

शेजारच्या सोजराबाईची म्हैस मेली. गाभण होती. काल खड्ड्यातली राख चाटत होती, मीच मागच्या दारातून ओरडून हुसकली. खारट लागत असणार. परत गेली असेल. आज पाय झाडून झाडून गेली.

सोजराबाई रडत — "आत्याबाई, भुतानं खाल्ली वो!"

म्हटलं, भूत न्हाई, राख.

"राखंनं कोण मरतंय व्हय? भांडी कशानं घासतो आपण?"



६ डिसेंबर

सयाजीला धरला. "पिंपावर कवटी छापलीय ती काय शोभंला? ती वाचायला शाळा लागत न्हाई."

"आये, हळू बोल. ऑर्डर जाईल. ढलप्या टाकू कुठं मग, तुझ्या डोक्यावर?"

"टाक. माझं डोकं कुणी चाटत न्हाई."

हसला मेला. मग म्हणाला, "खड्डा बुजवतो. पण भुताचं ऱ्हाऊ दे. भुताची कुणी चौकशी करत न्हाई."

माझ्याच पोटी जन्मला हा?

७ डिसेंबर

बुजवला नाही.

८ डिसेंबर

डोळा लागला की ती जीभ दिसते. काळी, लांब. सावकाश चाटते. हुसकायला जाते तर हात उचलत नाही. ओरडायला जाते तर तोंडात राख.

सकाळी चूळ भरली, तरी चव जाईना. हे मनाचे खेळ, मला कळतं. कळून काय!

९ डिसेंबर

चिमाजी देवरुशी आणला गावानं. खड्ड्यापाशी लिंबं कापली, घुमला. नारळ कुणी दिला? सयाजीनं! गुडघ्यांमुळं मला तिथवर जाववलं नाही. घुमणं तेवढं ऐकलं. सोजराबाईची पोटुशी सून फार भ्यालीय, तिच्यासाठी हे सगळं. आता निवांत झोपेल म्हणे.

झोपो. सयाजीला म्हटलं, उद्या तू खड्डा बुजवला नाहीस तर मी कुदळ घेईन. "उद्या नक्की," म्हणाला.

११ डिसेंबर

सोजराबाईच्या सुनेला पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. परवापासून उलट्या. चिमाजीनं तिला अंगारा दिला होता, जिभेवर ठेवायला. कुठला? त्याच खड्ड्यातला! जिथलं भूत, तिथलीच राख लागते म्हणे.

डॉक्टर विचारतात, पोटात काय गेलं. सोजराबाई सांगते, देवाचा अंगारा, दुसरं काय?

सयाजी भिंतीकडं तोंड करून पडलाय. पांघरूण ओढलं. म्हटलं, ऊठ. पिंपावरचं औषधाचं नाव उतरून घे अन् चल. डॉक्टरला तू सांगायचं. मी न्हाई, चिमाजी न्हाई — तू.