जावयाला घेऊन दवाखान्यात

सोमवार, ४ मार्च

पोरगी बॅग घेऊन परत आली! लग्नाला वर्षसुद्धा नाही झालं. मारतो का? नाही. पितो का? नाही. मग? "आई, तू विचारू नकोस." विचारू नकोस म्हणे! मी नाही तर काय शेजारणीनं विचारायचं?

हे म्हणाले, राहू दे चार दिवस, निवळेल. यांचं सगळं आपोआपच निवळतं.

बुधवार, ६ मार्च

विहीणबाईंचा फोन, तोही कामाच्या वेळी. लॉन्ड्रीत मशीनचा खडखडाट, तरी शब्द न् शब्द ऐकू आला. "मुलीत काही खोट होती तर आधी सांगायचं होतं." खोट? माझ्या पोरीत? फोन आपटला. त्या नादात चादर करपली. मुकादम बोंबलला. बोंबलू दे.

संध्याकाळी भांडी घासताना पोरगी बोलली. पाठ माझ्याकडे. "ते जवळच येत नाहीत, आई. पहिल्यापासून. खाली सतरंजी टाकून झोपतात. मी आवडतच नसेन त्यांना." अशी सोन्यासारखी पोर, आणि आरशासमोर उभी राहून रडते!

नक्की दुसरी कोणीतरी आहे. उद्या धरतेच त्याला.

गुरुवार, ७ मार्च

जावई लिफ्ट दुरुस्त करतात. म्हणजे जिथे ते, तिथे लिफ्ट बंद! सगळे जिने चढले. गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत सापडले. हातात पाना. मला बघून चेहरा उतरला.

"कोण आहे ती?" धापा टाकत विचारलं.

"कोण ती?"

"जिच्यापायी माझ्या पोरीला परत धाडलंत ती!"

"कोणी नाही, आई. शपथ."

"मग माझ्या पोरीत काय वाईट आहे?"

सव्वीस वर्षांचा दांडगा माणूस, पान्याशी चाळा करत राहिला. मग मोटारीकडे तोंड करून बोलला, जसं काही तिलाच सांगतोय. "मला दुखतं. तिथली पुढची कातडी मागे सरतच नाही. कधीच सरली नाही. जोर केला की चिरते, रक्त येतं. वाटलं, आपण नवरा व्हायच्या लायकीचेच नाही."

मी तिथल्याच पिंपावर बसले. 

मग राग आला. "दात दुखला तर जाता ना डॉक्टरकडे?"

"दात दाखवता येतो, आई."

हसू आलं. दाबलं. म्हटलं, "शनिवारी चला. मी येते."

"तुम्ही?"

"मग कोणाला नेताय? तुमच्या आईला?"

पाना पेटीत टाकला.

शुक्रवार, ८ मार्च

हे म्हणतात, सासूनं जावयाला असल्या कामाला न्यायचं? म्हटलं, मग सासऱ्यानं न्यावं. पेपर उघडून बसले.

शनिवार, ९ मार्च

लघवीच्या रोगांचे डॉक्टर. बाकावर सगळे म्हातारे, मधे आमचे जावई, मान खाली. खिडकीतली बाई विचारते, "तक्रार काय?" जावई नुसतेच खोकले. मीच म्हटलं, "कातडी घट्ट आहे!" जरा मोठ्यानं झालं. मशीनच्या आवाजात बोलायची सवय. एका आजोबांनी चष्मा काढून पाहिलं. जावई माझ्या कानाशी — "आई, मी मेलो." म्हटलं, नंतर मरा, आधी नंबर लावा.

तपासताना मी बाहेर. मग जावयांनीच आत बोलावून घेतलं. म्हणे, माझ्या लक्षात राहणार नाही. डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, हे पुष्कळांना असतं. लहानपणी कातडी आत चिकटलेलीच असते, वाढत्या वयात आपली आपण सुटते. काहींची घट्ट राहते. ओढाताण केली की चिरते, भरून येताना तिथे व्रण धरतो आणि आणखी आवळते. "मर्दपणाशी याचा काडीचा संबंध नाही." हे वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. ज्याच्या कानात जायला हवं त्याच्या जावं म्हणून.

"घरी काही लावत होता?"

जावई नखातलं काळं कोरत बसले.

"काय लावत होता?"

"ग्रीस."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"काही अडकलं की आम्ही तेच लावतो," जावई म्हणाले. "लिफ्टला."

म्हणून डॉक्टरांना दिसलेली ती लाली आणि सूज! आधी ती उतरवायची. मग मलम, पातळसं, रोज, काही आठवडे. कोमट पाण्यानं आंघोळ झाली की हलक्या हातानं मागे घ्यायची, दुखायच्या आत थांबायचं, आणि परत पुढे आणायची. मागेच अडकून सुजली तर तडक दवाखाना, जराही उशीर नाही. एवढं करून नाहीच सुटली तर लहानसं ऑपरेशन.

जावयांना घरी आणलं. म्हटलं, "आता पोरीला तुम्ही सांगायचं. मी नाही." मी स्वयंपाकघरात, कान भिंतीला. पोरगी ओरडली — "एवढंच? आणि मी आरशात बघून बघून रडतेय!" काहीतरी आपटलं. उशी असावी. मग हसणं. दोघांचं!

बुधवार, २० मार्च

जावयांना फोन केला, "कसं काय?" म्हणाले, "आई, कामावर आहे." म्हणजे बरं आहे.

मंगळवार, २ एप्रिल

बरं कसलं! लवकर व्हावं म्हणून जोर केला, पुन्हा चिरली. डॉक्टर रागावले. मलम थांबवायचं, जखम भरली की पहिल्यापासून. जावई म्हणतात, माझ्याच्यानं नाही होणार. म्हटलं, "घाई करायला घरात मी आहे. तुम्ही बेतानं घ्या." पोरगी आता माझ्यावरच डोळे वटारते — "त्यांना बोलू नकोस गं!" बघा!

शनिवार, १८ मे

सुटली! डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, फक्त रोज साध्या पाण्यानं धुवा आणि ग्रीस लिफ्टलाच लावा. जावयांचा फोन आला तेव्हा मी इस्त्रीवर. अशी आरोळी ठोकली की मशीन बंद पडलं असं वाटून मुकादम धावत आला. "लॉटरी लागली का, बाई?" म्हटलं, "त्याहून मोठी!"

रविवार, १९ मे

पोरीला सासरी पोचवलं. बरोबर मी, मुद्दाम. दारातच सुरू करणार होते — पण जावईच पुढे झाले. "आई, खोट हिच्यात नव्हती. त्रास मला होता. आता नाही. हिला परत कोणी बोलायचं नाही." माझी छाती फुगली! विहीणबाई मान खाली घालून चहा ठेवायला आत गेल्या. जिरली, म्हटलं. बरी जिरली. गोड चहा पिऊन आले.

गुरुवार, २३ मे

लॉन्ड्रीच्या फाटकात विहीणबाई उभ्या. एकट्या. म्हणाल्या, "थोरल्याचं, तुमच्या जावयाचं, मला ठाऊक होतं. लहान होता तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, मोठेपणी नाही सुटली तर दाखवा. तोंडातून शब्दच फुटला नाही कधी. सुनेला बोल लावणं सोपं पडलं." मग खाली बघून — "धाकटा बावीसचा झाला. त्याचंही तेच आहे. तुम्ही न्याल त्याला?"

सुनावायला तोंड उघडलं होतं. त्यांच्याकडे पाहिलं.

म्हटलं, "मी नाही नेणार. आपण नेऊ. दोघी."